पाण्याशी वैर असलेलं पॉलिमर : लॅक्टाइडच्या कड्यापासून ब्लॉक कोपॉलिमरपर्यंत



मागच्या आठवड्यात लातूरहून एका ज्युनिअरचा फोन आला. पेट पास झालाय, सिनॉप्सिस लिहितोय. विषय जवळपास माझ्यासारखाच, बायोडिग्रेडेबल पॉलिएस्टर. म्हणाला, "ताई, इंट्रोडक्शनमध्ये इतिहास किती लिहायचा? दोन ओळी टाकल्या तर चालतंय ना?"

मी पण तेच केलं होतं. दोन ओळी, त्याही दुसऱ्याच्या थिसिसमधून उचललेल्या. पुढे त्याच दोन ओळींत दडलेली गोष्ट न कळल्यामुळे माझे तीन महिने गेले. म्हणून त्याला फोनवर दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहितेय. तुमचा विषय वेगळा असला तरी वाचा, कारण पद्धत तीच आहे.

आधी माझा घोळ सांगते. नांदेडचा जुलै महिना. मी मिथॉक्सी पॉलिइथिलिन ग्लायकॉल, म्हणजे आपलं नेहमीचं एमपेग, त्याला लॅक्टाइडची साखळी जोडत होते. एका टोकाला पाण्यात विरघळणारा भाग आणि दुसऱ्या टोकाला न विरघळणारा, असं डायब्लॉक कोपॉलिमर हवं होतं. पॉलिमर आलं. एनएमआर केला, तर दोन्ही भागांचं प्रमाण अगदी मी टाकलं होतं तेवढं. मी खूश. गाईडना दाखवलं, आरएसीच्या प्रेझेंटेशनची स्लाइडही बनवली. मग बाहेरगावी पाठवलेल्या सॅम्पलचा जीपीसी रिपोर्ट आला. मुख्य शिखराच्या बाजूला कमी वजनाकडे चांगलाच फुगवटा! मला एका जातीची साखळी हवी होती आणि फ्लास्कमध्ये दोन जातींच्या साखळ्या तयार झाल्या होत्या.

असं का झालं, याचं उत्तर १९३० च्या दशकातल्या पेपरांत होतं. तिथपर्यंत जाऊ, पण सुरुवात दह्यापासून करू.

दही, शेले आणि पेलूझ

१७८० साली कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने आंबलेल्या दुधातून एक आम्ल वेगळं केलं. तेच लॅक्टिक ॲसिड. आपल्या घरी रोज रात्री विरजण लावलं की सूक्ष्मजीव दुधातल्या साखरेचं हेच करतात. हे काम जिवंत सूक्ष्मजीवांचं आहे ही गोष्ट लुई पाश्चरने १८५७ मध्ये मांडली.

मधल्या काळात, १८४५ मध्ये, फ्रान्समध्ये पेलूझने लॅक्टिक ॲसिड तापवून त्यातलं पाणी काढून टाकलं, तेव्हा राळेसारखा पदार्थ मिळाला. लॅक्टिक ॲसिडच्या रेणूला एका बाजूला आम्लाचा गट आणि दुसऱ्या बाजूला अल्कोहोलचा गट असतो. एकाचं आम्ल दुसऱ्याच्या अल्कोहोलला जोडलं की एस्टर बनतं आणि पाणी बाहेर पडतं. असे रेणू एकामागे एक जोडले गेले की साखळी होते. पण दोनच रेणू एकमेकांना दोन्ही टोकांनी जोडले गेले, तर सहा अणूंचं कडं तयार होतं. हे कडं म्हणजे लॅक्टाइड. साखळी आणि कडं एकाच भांड्यात शेजारी शेजारी बनतात, हे इथेच लक्षात ठेवा.

म्हणून "पॉलिलॅक्टिक ॲसिडचा शोध अमुक साली अमुक माणसाने लावला" असं एका ओळीत लिहू नका. राळ आधी मिळाली, ती लांब साखळी आहे हे कळायला पुढची पंच्याऐंशी वर्षं लागली. व्हायवात परीक्षक नेमकं इथेच पकडतात.

कॅरोदर्सचा प्रश्न वेगळाच होता

१९२० मध्ये हर्मन स्टॉडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सांगितलं की रबर, सेल्युलोज यांसारखे पदार्थ म्हणजे साध्या रासायनिक बंधांनी जोडलेले खूप लांब रेणू आहेत. बऱ्याच मोठ्या लोकांना हे पटत नव्हतं. छोटे रेणू, विशेषतः कड्यासारखे, एकमेकांना कसे तरी चिकटून बसलेले असतात, असं त्यांचं म्हणणं.

वॉलेस कॅरोदर्स १९२८ मध्ये हार्वर्ड सोडून ड्यूपाँ कंपनीत आला, तेव्हा हा वाद चालू होता. त्याने ठरवलं की ओळखीच्या रिॲक्शन वापरून एकेक पायरीने साखळी बांधून दाखवायची. 'पॉलिमरायझेशन आणि कड्यांची निर्मिती' या विषयावर त्याने पेपरांची मोठी मालिकाच लिहिली. त्यातला दहावा पेपर १९३२ चा, सहा अणूंच्या चक्रीय एस्टरांच्या उलटसुलट होणाऱ्या पॉलिमरायझेशनवर. कडं तापवलं की साखळी होते, साखळी आणखी तापवली की पुन्हा कडं होतं. मग १९३४ मध्ये सात अणूंच्या कॅप्रोलॅक्टोनवरही पेपर आला. आज आपण ज्याला रिंग-ओपनिंग पॉलिमरायझेशन म्हणतो, त्याचा पद्धतशीर अभ्यास इथे सुरू झाला.

आता त्याची अडचण बघा. आम्ल आणि अल्कोहोल जोडून साखळी बांधताना दर जोडणीला पाण्याचा एक रेणू सुटतो. तो तिथेच राहिला तर जोडणी उलटी फिरते. ९९ टक्के रिॲक्शन पूर्ण झाली तरी साखळीत सरासरी १०० च एकक येतात. ९९.५ टक्के झाली तर २००. म्हणजे शेवटच्या अर्ध्या टक्क्यात लांबी दुप्पट होते. हे समीकरण आज त्याच्याच नावाने शिकवतात, एमएस्सीला तुम्ही पाठ केलंच असेल. पाणी ओढून काढायला त्याने मॉलिक्युलर स्टिल वापरलं, आणि १९३० मध्ये त्याचा सहकारी ज्युलियन हिल याने अशाच एका पॉलिएस्टरचा वितळलेला गोळा ओढून लांब तंतू काढला.

कडं उघडून साखळी केली, तर ही पाण्याची कटकट राहत नाही. पाणी आधीच, कडं बनवतानाच, निघून गेलेलं असतं. कडं उघडतं, साखळीच्या टोकाला जोडलं जातं आणि काहीही बाहेर पडत नाही. "रिंग-ओपनिंगच का, कंडेन्सेशन का नाही?" या प्रश्नाचं उत्तर हे आहे. पाठ करू नका, समजून घ्या.

नापास झालेला गुण

ते तंतू दिसायला छान होते, पण कपड्यासाठी निरुपयोगी. लवकर वितळायचे आणि पाण्याने हळूहळू तुटायचे. इस्त्री आणि धुणं न सोसणाऱ्या धाग्याचं कंपनी काय करणार? कॅरोदर्सचा गट पॉलिअमाइडकडे वळला आणि १९३५ मध्ये नायलॉन मिळालं. १९३७ मध्ये, अवघ्या ४१ व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. नायलॉन बाजारात आलेलं त्याने पाहिलं नाही.

पुढे पॉलिएस्टर परत आलं ते १९४१ मध्ये, ब्रिटनमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांच्या हातून. साखळीत बेंझिनची कडी घातल्यावर ते इस्त्रीलाही टिकलं आणि पाण्यालाही. आपल्या अंगावरचं टेरिलिन ते हेच. लॅक्टाइड, ग्लायकोलाइड मात्र मागेच पडले. १९५४ मध्ये ड्यूपाँच्याच लोव यांच्या नावावर ग्लायकोलाइडपासून जास्त वजनाचं पॉलिमर बनवण्याचं पेटंट निघालं, पण धागा पाण्याने तुटतो हा दोष कायम होता.

एक कुलकर्णी आणि सर्जरीचं जर्नल

पॉलिलॅक्टिक ॲसिडवरचा कुठलाही थिसिस उघडा, पहिल्या प्रकरणात एक संदर्भ हमखास दिसेल : कुलकर्णी आणि सहकारी, १९६६. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आडनाव बघून थांबले. लातूर-नांदेडकडे गल्लीत एक तरी कुलकर्णी असतोच! त्यांच्या गावाबद्दल काही सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांचं काम सांगायचंय.

आर. के. कुलकर्णी अमेरिकन सैन्याच्या वैद्यकीय बायोमेकॅनिकल प्रयोगशाळेत होते. पानी, न्यूमन आणि लिओनार्ड यांच्यासोबत त्यांनी 'पॉलिलॅक्टिक ॲसिड फॉर सर्जिकल इम्प्लांट्स' हा पेपर 'आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी' मध्ये छापला. तोपर्यंत शरीरात विरघळणारा टाका म्हणजे कॅटगट, प्राण्यांच्या आतड्यापासून बनवलेला. तो किती दिवस टिकेल याचा नेम नसायचा आणि ऊतींना त्रासही व्हायचा. कुलकर्णींच्या गटाने पॉलिलॅक्टिक ॲसिड प्राण्यांच्या शरीरात ठेवून पाहिलं. ते विषारी नव्हतं, ऊती फारशी तक्रार करत नव्हत्या आणि ते हळूहळू तुटत होतं. तुटून काय बनतं? लॅक्टिक ॲसिड. पळाल्यावर आपल्याच स्नायूंत तयार होणारं.

१९७१ मध्ये त्यांचा पुढचा पेपर आला, तो लॅक्टाइडच्या कड्यापासून बनवलेल्या पॉलिमरांवर. त्याच सुमारास अमेरिकन सायनामिड कंपनीचा पॉलिग्लायकोलिक ॲसिडचा 'डेक्सॉन' टाका बाजारात आला. काही वर्षांत एथिकॉनचा 'व्हिक्रिल' आला, ९० भाग ग्लायकोलाइड आणि १० भाग लॅक्टाइडचा. आज तालुक्याच्या दवाखान्यातही सिझेरियननंतर व्हिक्रिलचे टाके घालतात. तुमच्या घरात कोणाला तरी पडलेच असतील.

म्हणजे १९३२ मध्ये ज्या कारणासाठी हा पदार्थ बाजूला पडला, त्याच कारणासाठी १९६६ मध्ये तो उचलला गेला. पदार्थ तोच होता, त्याच्याकडे मागणी वेगळी आली होती. लिटरेचर सर्च करताना याचा एक धडा आहे. हा पेपर पॉलिमरच्या जर्नलमध्ये नाही, सर्जरीच्या जर्नलमध्ये आहे. फक्त आपल्या शाखेची जर्नलं चाळणाऱ्याला तो सापडलाच नसता.

कथील नेमकं काय करतं?

या क्षेत्रातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा कॅटॅलिस्ट म्हणजे स्टॅनस ऑक्टोएट, कथलाचं संयुग. सगळे वापरायचे, पण ते काम कसं करतं यावर वर्षानुवर्षं मतभेद होते. १९७१ मध्ये डिट्रिच आणि शुल्झ यांनी सुचवलं की कड्यातला कार्बोनिल आधी धातूशी जुळतो, मग बंध तुटून कडं धातू आणि ऑक्सिजन यांच्या मध्ये शिरतं. याला कोऑर्डिनेशन-इन्सर्शन म्हणतात. पुढे जर्मनीत क्रिकेलडॉर्फ आणि पोलंडमध्ये कोवाल्स्की, दुदा आणि पेन्चेक यांनी या प्रश्नावर बरंच काम केलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी पेन्चेकच्या गटाने मास स्पेक्ट्रोमेट्रीने दाखवलं की कथलाचं संयुग आधी अल्कोहोलशी रिॲक्शन करून टिन अल्कॉक्साइड बनवतं, आणि साखळी त्या अल्कॉक्साइडपासून वाढते.

साखळ्या किती बनतील हे म्हणून कथील ठरवत नाही, तर भांड्यात किती हायड्रॉक्सिल गट आहेत ते ठरवतं. आणि हायड्रॉक्सिल फक्त तुम्ही टाकलेल्या एमपेगवर असतो का? पाण्यालाही असतो! माझ्या घोळाचं मूळ इथे होतं.

ब्लॉक का जोडायचे?

त्याआधी ब्लॉकची गोष्ट पूर्ण करू. १९५६ मध्ये मायकेल श्वार्क यांनी 'जिवंत' पॉलिमर दाखवले. एक मोनोमर संपला तरी साखळीचं टोक जागंच राहतं, दुसरा मोनोमर टाकला की तिथूनच पुढे वाढतं. एका साखळीत दोन वेगळे पदार्थ हवे तेवढ्या लांबीने जोडायचा रस्ता मिळाला.

पॉलिएस्टरच्या बाबतीत सोपी युक्ती म्हणजे टोकाला हायड्रॉक्सिल असलेली तयार साखळी घ्यायची आणि तिलाच इनिशिएटर करायचं. १९८७ मध्ये यूनेस आणि कोन यांनी पॉलिइथिलिन ऑक्साइड व पॉलिलॅक्टिक ॲसिडच्या ब्लॉक कोपॉलिमरांची रचना अभ्यासली. १९९४ मध्ये ग्रेफ, लँगर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' मध्ये दाखवलं की पेगचं आवरण असलेले असे नॅनोकण रक्तात जास्त वेळ फिरत राहतात. १९९७ मध्ये सुंग वान किम यांच्या गटाने 'नेचर' मध्ये इंजेक्शनने देता येणारं, शरीराच्या तापमानाला घट्ट होणारं ट्रायब्लॉक मांडलं. आणि २००७ मध्ये दक्षिण कोरियात 'जेनेक्सॉल-पीएम' ला परवानगी मिळाली. यात पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध पेग आणि पॉलिलॅक्टाइडच्या डायब्लॉकने बनलेल्या मायसेलमध्ये असतं.

आता विचार करा, असं औषध बनवताना भांड्यात नुसत्या पॉलिलॅक्टाइडच्या साखळ्याही मिसळल्या असतील तर? त्यांना पाण्याकडचं टोकच नाही. मायसेलचा आकार, औषध धरून ठेवण्याची क्षमता, औषध सुटण्याचा वेग, सगळ्यात गडबड होऊ शकते.

माझ्या फ्लास्कचा हिशेब

वही घ्या, सोबत करा. मी घेतलं होतं ५००० वजनाचं एमपेग ५ ग्रॅम, म्हणजे १ मिलिमोल. लॅक्टाइड ५ ग्रॅम, रेणूभार १४४, म्हणजे सुमारे ३४.७ मिलिमोल. सगळं नीट झालं तर प्रत्येक एमपेगवर ५००० वजनाचा लॅक्टाइडचा ब्लॉक, एकूण १०,००० ची साखळी.

आता समजा एमपेगने पावसाळ्यात फक्त ०.२ टक्के ओल धरली. ५ ग्रॅममध्ये १० मिलिग्रॅम पाणी. डोळ्याला दिसणार नाही, चिमटीतही जाणवणार नाही. पण पाण्याचा रेणूभार १८, म्हणजे हे झालं ०.५६ मिलिमोल! एमपेगच्या साखळ्या १ मिलिमोल आणि पाण्याचे रेणू ०.५६. पंगतीला शंभर पानं धरली आणि छप्पन न बोलावलेले येऊन बसले, अशातली गत. स्वयंपाक तेवढाच, प्रत्येकाच्या ताटात कमी. सगळं पाणी कामाला लागलं, तर १०० पैकी ३६ साखळ्या नुसत्या पॉलिलॅक्टाइडच्या आणि प्रत्येकीवर ५००० ऐवजी ३२०० च वजन. म्हणजे ८२०० चं डायब्लॉक आणि ३२०० चं होमोपॉलिमर. माझ्या जीपीसीतला फुगवटा साधारण तिथेच होता.

मग एनएमआर चुकला का? नाही. ५.१६ पीपीएमचं लॅक्टाइडचं शिखर आणि ३.६४ चं पेगचं शिखर यांचं गुणोत्तर फक्त एकूण प्रमाण सांगतं. लॅक्टाइड पेगला जोडलेलं आहे की वेगळं पडलंय, हे त्यातून कळत नाही. मी आकडा जुळला म्हणून खूश झाले, पण तो आकडा दोन्ही परिस्थितींत तोच येणार होता. बघायला हवी होती टोकं. साखळीच्या शेवटच्या एककाचा एक प्रोटॉन ४.३५ च्या आसपास येतो, एमपेगच्या मिथॉक्सीचे तीन ३.३८ ला. गुणोत्तर एकास तीन हवं. पहिलं जास्त आलं, तर समजायचं की कोणीतरी आगंतुक जेवून गेलंय.

उपाय जुनाच. एमपेगमध्ये टोल्युइन घालून ते डिस्टिल केलं, म्हणजे पाणी त्याच्यासोबत निघून जातं. मग व्हॅक्युममध्ये वाळवलं. लॅक्टाइड कोरड्या इथाइल ॲसिटेटमधून रिक्रिस्टलाइझ केलं. काचसामान ओव्हनमधून थेट नायट्रोजनखाली. पुढच्या बॅचला जीपीसीत एकच शिखर आलं. स्लाइड बदलली आणि आरएसीला जुना ग्राफही दाखवला. गाईड म्हणाले, "हा पहिला ग्राफ थिसिसमध्ये ठेव." ठेवला आहे.

कॅरोदर्स पाण्याला हुसकायला मॉलिक्युलर स्टिल वापरत होता. मी समजत होते, कडं उघडायच्या पद्धतीत पाण्याचा प्रश्न सुटला. तो सुटला नव्हता. कंडेन्सेशनमध्ये पाणी रिॲक्शनमधून येतं, इथे ते बाहेरून येतं. हा फरक इतिहास नीट वाचला असता तर पहिल्याच महिन्यात कळला असता.

आपल्याकडे याचं काय?

लॅक्टिक ॲसिड साखरेपासून बनतं आणि आपला भाग उसाचा. हिशेबाने १ किलो साखरेतून जास्तीत जास्त ८४० ग्रॅमच्या आसपास पॉलिलॅक्टिक ॲसिड निघू शकतं (घरचा अभ्यास म्हणून ताळा करून बघा). अमेरिकेत २००२ पासून नेब्रास्कात मक्यापासून मोठ्या प्रमाणावर बनतं. महाराष्ट्रात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीत प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला, त्यात लॅक्टिक ॲसिड, लॅक्टाइड आणि पॉलिमर या तिन्ही पायऱ्या आहेत. उद्या मुलाखतीत या तीन पायऱ्या का लागतात असं विचारलं, तर पेलूझ आणि कॅरोदर्स आठवा.

पण सिनॉप्सिसमध्ये "पर्यावरणपूरक" हा शब्द सहज टाकू नका. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा लातूरमध्ये राहिलेल्या कोणालाही विचारा, ऊस म्हणजे पाणी. शिवाय पॉलिलॅक्टिक ॲसिडचा कप उकिरड्यावर टाकला तर काही महिन्यांत त्याची माती होत नाही. त्याला लागतं ५८ अंशांच्या आसपासचं, ओल असलेलं कंपोस्ट. शरीरातला टाका आणि बांधावरचा कप यांना एकच "बायोडिग्रेडेबल" शब्द लावताना कुठे, किती तापमानात, किती दिवसांत, हे लिहायलाच हवं.

तर त्या ज्युनिअरला मी काय सांगितलं? इतिहास दोन पानं लिही, पण प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिही : त्या माणसाचा प्रश्न काय होता, त्याला काय अडलं, आणि ती अडचण तुझ्या फ्लास्कमध्ये आज कुठे आहे. तिसरं लिहिता आलं नाही, तर ते नाव काढून टाक.

तो म्हणाला, "ताई, मग तर चारच नावं उरतात." म्हटलं, उरू दे. आणि एमपेगची बाटली उघडायच्या आधी बाहेर पाऊस आहे का बघ.

तुमच्या सिनॉप्सिसमधलं असं एखादं नाव असेल तर कळवा. पुढच्या लेखात एनएमआरमधली टोकं कशी मोजायची, ते आकड्यांसकट बघू.